आकडा वाढला की फोन लांबतो

मी मांडवीच्या रळियातबाचा बीपीवाला बोलतोय. बीपी मोजायचं मशीन म्हणा हवं तर, पण आमच्या गल्लीत मला सगळे बीपीवालाच म्हणतात. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. डोळे उघडले ते मस्कतच्या एका दुकानात. तिथून बाच्या मुलाने, किरीटने, मला खजुरांच्या पुड्यांमध्ये कोंबून समुद्रापार आईकडे आणलं.

किरीटचे वडील एका दुपारी ताक पिता पिता कोसळले होते. तेव्हापासून त्याचा जीव आईसाठी टांगणीला लागलेला. परत जाण्याआधी त्याने बाला समोर बसवून शिकवलं, "मी रोज संध्याकाळी व्हिडिओ फोन लावीन. तू पट्टा बांधायचा, बटण दाबायचं आणि आकडा मला दाखवायचा."

"मी आकडा दाखवीन. तू काय दाखवशील?"

"मी काय दाखवू, बा?"

"तोंड," बा म्हणाली आणि पदर सावरून हसली.

सुरुवातीला सगळं छान चाललं. म्हणजे किरीटच्या दृष्टीने. मी बाचा दंड आवळायचो, हळूहळू सोडायचो, आकडा चांगला यायचा. "एकशे तीस! झकास! चल बा, ठेवतो." फोन बंद. शेजारच्या वासंतीच्या मुलीचं लग्न ठरलं, ही बातमी बाच्या ओठांवरच राहायची. मग ती मलाच सांगायची. मी काय बोलणार? माझ्याकडे आकड्यांशिवाय दुसरी भाषाच नाही.

एका संध्याकाळी बा गच्चीवर पापड काढत होती. खाली फोन वाजला. धापा टाकत जिना उतरून तिने कसाबसा पट्टा बांधला. मी दाखवले एकशे सत्तर.

किरीटचं धाबंच दणाणलं. "बा, काय खाल्लंस? झोप लागली का? चक्कर येते? हेतल, अगं इकडे ये, बाकडे बघ!" सून आली, नातू आला, नातवाने पडलेला दात दाखवला. वासंतीच्या मुलीचं लग्नसुद्धा त्या दिवशी सांगून झालं. फोन ठेवला तेव्हा बाचा चेहरा उजळला होता. मग ती माझ्याकडे टक लावून बघू लागली. तिला काहीतरी सुचलं होतं.

झालं. दुसऱ्या दिवसापासून फोनच्या आधी दोन कप कडक चहा आणि गच्चीची एक फेरी सुरू झाली.

"काकी, पापड तर केव्हाच संपले. वर कशाला चढता?" वासंतीने विचारलं.

"वारा खायला."

"खाली काय वारा नाही? गुडघे कुरकुरतील, मग मलाच तेल लावायला बोलवाल."

माझ्यावरून गल्लीत वादही रंगले. वासंतीचा नवरा म्हणायचा, "ही मशीनं नुसती घाबरवायला काढलीत. आमचे वैद्य नाडीला हात लावून सांगायचे." तिकडून किरीट म्हणायचा, "महागातलं मशीन आहे, चुकणार कसं?" अहो, मी चुकत नव्हतोच! बाच्या अंगातल्या रक्ताचा जोर मी जसाच्या तसा सांगत होतो. ती नुकती जिना उतरली आहे, हे मात्र मला सांगता येत नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं.

किरीटने ते आकडे मोबाइलवरून डॉक्टरांना पाठवले. डॉक्टरांनी ते वाचून तिकडूनच बाची रोजची बीपीची गोळी वाढवली. मग आणखी वाढवली. बाचा हात कुणी हातात घेतला नाही. आता गोळीही किरीटसमोरच गिळायची. "बा, आ कर. जीभ वर कर," तो म्हणायचा आणि बा लहान मुलीसारखी तोंड उघडायची. त्या गोळीसाठी फोन अजून थोडा लांबायचा ना! मी पट्ट्यातून ओरडायचा किती प्रयत्न केला. नुसती हवा सुटायची.

एका सकाळी आंघोळ करून उठताना बाच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. पाण्याच्या माठांशी ती आपटली आणि मनगट मोडलं. वासंतीने तिला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बीपी मोजलं आणि त्या वासंतीवरच कडाडल्या, "इतकं खाली आहे! कुणी सांगितली एवढी गोळी?" त्यांनी गोळी पहिल्याइतकी केली. सगळ्यांनी खापर माझ्यावर फोडलं. बा सगळं ऐकत होती, पण गच्चीच्या फेऱ्यांबद्दल एक अक्षर बोलली नाही. मला राग आला नाही. खरं सांगितलं असतं तर लेकाला किती लागलं असतं!

किरीट धावत आला. आठवडाभर घर भरलेलं होतं. बा प्लॅस्टरच्या हातानेही त्याच्या ताटात बाजरीचा रोटला आणि लोणी वाढत होती. निघताना त्याने तिच्या चांगल्या मनगटावर एक घड्याळ बांधलं. "आता काही करायचं नाही, बा. ठोके, झोप, सगळं आपोआप माझ्या मोबाइलवर येईल. रोजच्या फोनची कटकटच मिटली."

"हो, मिटली," बा म्हणाली.

मी डब्यात बंद झालो. संध्याकाळी फोन वाजेनासा झाला. दिवस गेले, आठवडे गेले. मग एकदा झाकण उघडलं. बाने ते घड्याळ काढून माझ्या शेजारी ठेवलं आणि झाकण लावलं. थोड्याच वेळात बाहेर फोन वाजला. "बा! घड्याळ बंद का? काय झालं?"

"काही नाही रे. जेवलास का?"

हे आता नेहमीचंच झालंय. किरीटच्याही ते लक्षात आलंय. परवा तो म्हणाला, "घड्याळ काढून ठेवलंस ना? आधी घाल, मग बोलू." त्या दिवसापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. एखाद्या दिवशी ती खरंच पडली आणि तो तिकडे हसून म्हणाला, "घड्याळ काढलं असेल," तर?

आजही घड्याळ माझ्या शेजारी आहे. सकाळपासून बाहेर भांड्याचा आवाज नाही. झोपाळ्याची कुरकुर नाही. बा देवळात गेली असेल. वासंतीकडे बसली असेल. किरीटभाई, घड्याळ तुम्हाला काही सांगणार नाही आणि मला तर कुणी विचारतच नाही. हात जोडायला मला हात नाहीत. आकड्यासाठी नको, नुसता फोन करा. आत्ता करा.