टेलरकाकांच्या नावापुढची खूण

"पलीकडून हॅलो आलं म्हणजे पेशंटच बोलला असं नाही गं. नंबर कुणाचा आहे ते आधी विचारत जा," सिस्टर म्हणाल्या तेव्हा तिने नुसती मान डोलावली आणि पुढचा नंबर लावला. दवाखान्याच्या काउंटरवर रुजू होऊन तिला दोन महिने झाले होते. बाळ आठ महिन्यांचं, तरी सिस्टर तिला अजून 'बाळंतीण' म्हणत.

उन्हाची लाट येणार म्हणून डॉक्टरांनी यादी करायला लावली होती. साठीच्या पुढचे, एकटे राहणारे, हृदयासाठी लघवीची गोळी घेणारे. त्यांना फोन करून दवाखान्यात बोलवायचं होतं, कारण अशा उन्हात नेहमीचा डोसही अंगातलं पाणी ओढून नेऊ शकतो. एक्केचाळीस नावं तिने दोन दिवसांत उरकली. बाळाच्या अंगात पाणी कमी पडत नाही ना, म्हणून अधूनमधून घरी फोन चालूच.

"आई, सकाळपासून किती लंगोट ओले झाले?"

"मोजायला एक कारकून पाठव," सासूबाई म्हणायच्या.

यादीतल्या टेलरकाकांचा फोन एका तरुण माणसाने घेतला. "हो हो, सांगतो बाबांना. बरे आहेत ते." मुलगा सध्या सोबत राहायला आला असेल, असं धरून तिने नावापुढे खूण केली.

लाटेच्या चौथ्या दिवशी सिस्टरांनी विचारलं, "टेलरकाका आले नाहीत गं?"

"बोलणं झालंय, सिस्टर."

"त्यांच्याशी?"

तिने पुन्हा फोन लावला. मुलगा म्हणाला, "अहो, मी इथे दुसऱ्या गावात. बाबांना मेसेज टाकला होता. वाचला नसेल बहुतेक."

ती धावतच काकांच्या घरी गेली. तीन जिने, वर थेट गच्ची. दार नुसतं लोटलेलं होतं. आत भट्टी. ऊन अडवायला काकांनी खिडकीला कोटाचं अस्तर शिवून लावलं होतं, त्याने वाराही अडला होता. शिलाई मशीनवर लघवीच्या गोळ्यांची पट्टी, आजचीसुद्धा घेतलेली. शिस्तीचा माणूस.

काका जमिनीवर पडले होते, अंग कोरडं आणि तापलेलं. रिकामी बोटं काहीतरी टाचत होती.

"शुक्रवारी या," ते म्हणाले, "नक्की देतो."

"काका, मी दवाखान्यातली."

"शुक्रवारी."

अँब्युलन्सला कळवून तिने सिस्टरांना फोन लावला. "तोंडात पाणी ओतू नकोस, ठसका लागेल. चादर भिजवून अंगावर टाक, वारा घाल," त्या म्हणाल्या. तिने केलं. चादर बघता बघता कोमट झाली.

काकांच्या किडन्या बंद पडल्या आहेत. मुलगा आला, पण त्यालाही ते शुक्रवारचाच वायदा देतात. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी आशा ठेवा असं म्हटलं नाही.  

तिने यादी पुन्हा पहिल्यापासून धरली. आणखी अकरा नंबर लेकाचे, सुनेचे, पुतण्याचे निघाले. दवाखान्यात माणसं तीन. दिवसभर उन्हात फिरून सात घरं झाली. त्यातल्या दोघांना उचलूनच हॉस्पिटलात न्यावं लागलं. चार दारं राहिलीत आणि लाट अजून सहा दिवस आहे म्हणतात.

तुमच्या इमारतीत अगदी वर कुणी एकटं राहत असेल, तर आज तेवढा जिना चढा. दार उघडेपर्यंत थांबा, आणि गोळ्या कुठल्या चालू आहेत ते विचारून डॉक्टरांना कळवा.