आत्याच्या हातचं कापड

“करपल्याचा वास येतोय आणि स्वयंपाक तर अजून चढलेलाच नाही,” नवरा वर्तमानपत्राआडून पुटपुटला. बायकोनं त्याच्याकडे असं पाहिलं की बिचाऱ्यानं पुढची बातमी मोठ्यानं वाचायला घेतली.

वास मागच्या खोलीतून येत होता. तिथं आत्या देवाच्या कापडाला इस्त्री करत होती.

आत्या बायकोची. आई लवकर गेली तेव्हा या भाचीला आत्यानंच वाढवलं. त्या धांदलीत तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं, आणि राहिलं ते राहिलंच. चर्चमधल्या वेदीवर अंथरायचं पांढरं कापड धुवायचं, त्याला खळ घालायची, इस्त्री करून द्यायची, हे काम तरुणपणापासून तिच्याकडे होतं. नातेवाइकांत तिचा विषय निघाला की सगळे म्हणत, “फार कामाची हो!” यापलीकडे कौतुकाचा शब्द त्या घराण्याला ठाऊक नव्हता, आणि आत्याला तो हवा असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही.

आता तिच्या हातांना कंप सुटला होता, डोळ्यांपुढे धुकं होतं. कापडावर सुरकुत्या राहत, कधी कड पिवळी पडे. पण हे तिला सांगायचं कुणी? फादर म्हणाले, “मी कालचा आलेला. मी कसं सांगू?” नवरा म्हणाला, “मी जावई. मी तोंड उघडायचं ते फक्त जेवायला.” मग भाचीनं आपला एक मार्ग काढला. आत्यानं पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून दिलेलं कापड ती पिशवीत घाली आणि चर्चला नेण्याआधी गुपचूप कोपऱ्यावरच्या लाँड्रीत नेई.

“आज तर कमालच केलीय, बाई,” लाँड्रीवाल्यानं कापड उलगडलं. मधोमध इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग. “हा काय माझा बाप आला तरी जायचा नाही. नवीनच घ्या.”

भाचीनं तसंच दुसरं घेतलं, इस्त्री करवून घेतलं आणि चर्चमध्ये पोचतं केलं. जुनं कपाटात साड्यांच्या खाली सरकवलं.

रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, संपल्यावर आत्या काठी टेकत थेट वेदीपाशी गेली. कापडावरून तिनं हात फिरवला, एकदा उलटा, एकदा सुलटा. मग वाकून मधोमध नाकच टेकवलं.

“आत्या, काय सुंदर इस्त्री!” फादर लगबगीनं म्हणाले.

“हो का?” आत्या म्हणाली. घरी येताच ती मागच्या खोलीत शिरली.

भाची चहा घेऊन मागच्या खोलीत गेली, तर आत्या इस्त्रीच्या टेबलाशी बसलेली. समोर थंड इस्त्री.

“आधीचे फादर आठवतात?” आत्या म्हणाली. “एक सुरकुती दिसली की कापड परत पाठवायचे. वर चारचौघांत ऐकवायचे. मी घरी येऊन रडायचे. पण ते कापड माझं आहे, एवढं तरी कळायचं.”

“चहा घे, निवतोय.”

“करपलेलं मला कळलं होतं गं. नाक शाबूत आहे अजून. तरी मुद्दाम तसंच गुंडाळून दिलं. म्हटलं, आता तरी कुणी रागावेल. पण सगळ्यांचं आपलं छान, छान. गेलेल्या माणसाबद्दल बोलतात तसं.”

आत्यानं थंड इस्त्री दूर सारली.

“वर गेल्यावर देवानं विचारलं, कोण तू, तर माझं उत्तर ठरलेलं होतं. तुझ्या कापडाला इस्त्री करणारी. आता काय सांगू त्याला?”

“तो कशाला विचारेल? त्यानंच तर घडवलंय तुला, स्वतःच्या प्रतिमेत.” हे वाक्य फादरांचं होतं, पण त्या क्षणी तेवढंच तोंडाशी आलं.

आत्यानं दोन्ही हात पुढे धरले. बोटं आपली आपण हलत होती. “ही प्रतिमा? मग त्याचेही हात असे थरथरतात म्हण.”

“क्रुसावर थरथरले असतीलच की.”

बोलून गेल्यावर भाचीच दचकली. आत्या आपल्या हातांकडे बघत राहिली, ते कुणीतरी नुकतेच आणून दिले असावेत तशी. मग म्हणाली, “मग आता तू तरी खरं बोल.”

याच टेबलाच्या कडेला एकेकाळी भाचीची हनुवटी जेमतेम पोचायची. गरम खळीचा वास यायचा आणि ती म्हणायची, आत्या, बस ना. आत्या म्हणायची, एवढं झालं की. ते एवढं कधी झालंच नाही.

भाचीनं चहा बाजूला ठेवला आणि ते हात आपल्या हातांत घेतले.

“तुझ्याच्यानं आता होत नाही, आत्या,” ती म्हणाली. “बरेच दिवस झाले, मी कापड लाँड्रीत देते. आणि खरं सांगू? मला बरं वाटतंय. तू इस्त्री खाली ठेवशील आणि माझ्याजवळ नुसती बसशील, म्हणून लहानपणापासून वाट बघतेय मी. कामाची आत्या सगळ्या गावाला होती. मला तू हवी होतीस.”