पाच नंबरची चिमणी

मी बेल बोलतेय. महादेवाला वाहतात तो बेल नव्हे हो, दाबायची बेल. अमरावतीतल्या एका बाळंतपणाच्या दवाखान्यात, पाच नंबरच्या खोलीत माझं बटण आहे आणि चार दारं ओलांडून सिस्टरांच्या खोलीत माझा डबा आहे. म्हणजे जीव एक आणि घरं दोन. दाबतात इथं, ओरडते मी तिथं. दोन्हीकडचं मला दिसतं, ऐकू येतं. उद्या सकाळी इलेक्ट्रिकवाला मला काढणार आहे, म्हणून म्हटलं आज सांगून टाकावं. हे पोटात ठेवून मला भंगारात जायचं नाही.

माझं बालपण अकोल्याच्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलं. आम्ही सगळ्या बेली एका फळीवर मांडलेल्या. एकीच्या गळ्यात आरती, एकीच्या कोकीळ, एक नुसतीच टिंगटाँग. माझ्या गळ्यात चिमणी. दुकानदार बटण दाबून दाखवायचा आणि बाहेरून जाणारी लेकरं वर पाहायची, चिमणी कुठं बसली म्हणून. काय मिजास होती मला तेव्हा!

आमच्या डॉक्टरीणबाई मूळच्या अकोल्याच्या. नवा दवाखाना काढताना त्यांनी आम्हा सहाजणींना एकदमच उचललं. कर्कश बेलनं तान्ही बाळं दचकतात, असं त्यांचं म्हणणं. खोलीगणिक वेगळा आवाज लावला. कोकीळ ओरडली की तीन नंबर, चिमणी ओरडली की पाच नंबर. सिस्टरला मान वर करून पाहायचीही गरज नाही. सगळ्यांना फार कौतुक वाटलं होतं या युक्तीचं.

सुरुवातीची वर्षं मजेत गेली. बाळंतिणीपेक्षा तिच्यासोबतची माणसंच मला जास्त दाबायची. एक आजीबाई तर दर तासाला दाबून "चहा आना व" म्हणायच्या. मी चिवचिवायचे, सीमा सिस्टर कपाळाला हात लावायची, आणि माणिकबाई, म्हणजे आमची आयामावशी, हसत हसत जायची. अंगठ्यावरून मला माणूस कळायचं. घाबरलेला अंगठा घामेजलेला असतो, रागावलेला खटकन आदळतो.

मग गीतांजली आली. रिद्धपूरकडची, पहिलटकरीण, फार भिडस्त पोरगी. बटण दाबायची तेही विचारल्यासारखं. दोनदा आखूड आणि मग एकदा लांब.

वैशाखातली दुपार होती. सकाळीच तिला मुलगा झाला होता. नवरा पेढे आणायला गेलेला, आई खाली जेवायला. गीतांजलीच्या अंगावरून रक्त जायला लागलं आणि तिनं मला दाबलं. दोनदा आखूड, एकदा लांब.

सिस्टरांच्या खोलीत कूलर घरघरत होता. वर झरोक्यात खऱ्याखुऱ्या चिमण्यांनी घरटं केलं होतं, त्यांचा दिवसभर कलकलाट. सीमा सिस्टर कागदातून मान न काढता म्हणाली, "माणिकबाई, चिमण्या लई ओरडून राहिल्या. पाणी ठेव बरं त्याईले."

माणिकबाईनं स्टीलची वाटी भरली आणि खिडकीत ठेवली.

अकरा वेळा वाजले मी. अहो बायांनो, चिमणी नाही, मी आहे मी! पण मला बोलायला तेवढी एकच चिवचिव दिलेली. जीव तोडून ओरडले तरी ती चिवचिवच. बाराव्यांदा अंगठा बटणावर आला, पण दाबायचं बळ त्यात नव्हतं. हळूहळू घसरून गेला. ज्या आवाजाची मिजास केली, तोच माझा वैरी झाला.

खोलीला कुलूप लागलं. झरोक्यातलं घरटं काढून तिथं जाळी ठोकली. महिना गेला. आणि एका दुपारी, बंद खोलीत, गुंडाळलेल्या गादीशेजारी लोंबणारं माझं बटण दाबलं गेलं. दोनदा आखूड, एकदा लांब.

मी वाजले. काय करणार, दाबलं की वाजायचं एवढंच मला येतं. पण तो अंगठा गार होता हो. माठाखालच्या ओल्या मातीसारखा गार. आणि अंगठ्यामागं कोणी नव्हतं.

सिस्टरांच्या खोलीत सीमाच्या हातातला पेन तसाच राहिला. आता चिमण्या नव्हत्या, घरटं नव्हतं. माणिकबाई उठली, वाटीभर पाणी घेतलं, कुलूप लावलेल्या पाच नंबरच्या उंबऱ्यावर ठेवलं आणि पदरानं तोंड झाकून म्हणाली, "पे माय. तहान लागली अशीन."

वायरमन आला, उंदरानं कुरतडलं म्हणाला, वायर बदलून गेला. आठवड्यानं मी पुन्हा वाजले. मग कोणी त्याला बोलावलंच नाही. मी वाजायची, सीमा सिस्टर मान खाली घालायची, माणिकबाई वाटी ठेवायची. रिवाजच पडला.

पुढं गर्दी वाढली तशी पाच नंबर पुन्हा उघडली. बाळंतिणी येऊ लागल्या, मला दाबू लागल्या. पण आता मी वाजले की 'भुताची बेल'! आत कोणी येत नसे, माणिकबाई खाली मान घालून उंबऱ्यावर वाटी ठेवून परत फिरे. नातेवाईक थोडा वेळ वाट पाहायचे, वाटी मांजरासाठी असेल, बेल बिघडली असेल म्हणायचे आणि व्हरांड्यात जाऊन ओरडून सिस्टरला बोलवायचे. दोन वर्षं असं चाललं. नातेवाईक जवळ होते म्हणून निभावलं. एखादीजवळ कोणी नसलं तर काय, या विचारानं माझा जीव खालीवर व्हायचा. सांगणार कोणाला?

मग गेल्या पावसाळ्यात प्राजक्ता आली. वलगावची पोर, भाजीवाल्या माळ्याच्या घरची, नववा महिना लागलेला. सोबत आई सुभद्राबाई आणि नवरा अंकुर, तो अंजनगाव सुर्जीहून मुद्दाम आलेला. बाळंतपणाआधी खोली पाहायची, असा तिचा हट्ट.

"हे काय प्रदर्शनी हाय काय?" सीमा सिस्टर पुटपुटली, पण डॉक्टरीणबाईंनी हो म्हटलं होतं.

सुभद्राबाई दारातच थबकल्या. "प्राजक्ता, आयक माह्यं. पोटुशीनं बाळंतिणीची जागा आधी पाहू नाई. आपण जागा पाह्यतो, तं जागा बी आपल्याले पाह्यते."

"पाहू दे नं मंग," प्राजक्ता म्हणाली. "बाबा मंडीत काटा पाह्यल्याशिवाय वांगे मोजू देत नाई. इथं तं मी लेकरू आणून राहिली."

अंकुर मोबाइलमध्ये लिहून आणलेलं एकेक विचारत होता. लाइट गेली तर काय, रक्त लागलं तर कुठून आणायचं, डॉक्टरबाई किती मिनिटांत पोचतात. सीमा उत्तरं देऊन तिच्या खोलीत गेली. प्राजक्ता खाटेवर बसली, आडवी होऊन पाहिली. हात लांब करून बटण पकडलं आणि त्यावर अंगठा ठेवला.

आता सांगते ते खरं माना, नाहीतर सोडून द्या. तिच्या अंगठ्याखाली आधीच एक अंगठा होता.

"गार लागते हो हे बटण," ती अंकुरला म्हणाली. आणि दाबलं.

मी चिवचिवले. मिनिट गेलं, दोन गेली. अंकुर घड्याळ पाहत होता. मग पावलं वाजली. माणिकबाई आली, खाली मान घालून. उंबऱ्यावर पाण्याची वाटी ठेवली आणि वर न पाहता वळली.

"मावशी," प्राजक्ता म्हणाली, "बेल तं मी दाबली. तुमी पाणी काहून ठेवून राहिल्या?"

माणिकबाईनं मान वर केली. खाटेवर जिवंत बाई बसलेली, गरोदर, हातात बटण. "तुनं दाबली?" म्हणाली आणि तिथंच उंबऱ्याशी बसली. मग इतक्या दिवसांचं सगळं बाहेर पडलं. चिमण्या, कूलर, वाटी. "म्या पाणी ठेवलं वं, बाई. थे मरून राहिली होती अन् म्या चिमणीले पाणी ठेवलं," असं म्हणून तिनं कपाळ बडवून घेतलं. मलाही रडता आलं असतं तर रडले असते.

सुभद्राबाईंनी लेकीचा दंड धरला. "ऊठ. आत्ताच्या आत्ता ऊठ. आपण अकोल्याले जाऊ, तिथं काय दवाखाने नाईत?"

प्राजक्ताचा चेहरा पांढरा पडला होता. एक हात पोटावर. पण ती उठली नाही. "आई, अकोल्याच्या बेलले कोण धावते, थे पाह्यलं कोनं? इथं काय खराब हाय थे मले माहीत तरी झालं." मग वाकून तिनं माणिकबाईचा हात धरला. "मावशी, माही बेल वाजली का पाणी नोका ठेवू. तुमी या."

अंकुर तडक डॉक्टरीणबाईंकडे गेला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग सीमा आणि माणिकबाई, दोघींना बोलावून एवढंच म्हणाल्या, "खोली भरलेली असो की रिकामी, बेल वाजली की पाय उचलायचे. भूत असेल तर भुताला भेटून या." नव्या बेली मागवल्या, लाल दिव्याच्या, ठणाणा करणाऱ्या. पण माल लवकर येईना.

त्या दिवशी सगळे गेल्यावर रिकाम्या खोलीत बटणावर पुन्हा अंगठा आला. दाबला नाही. नुसता टेकून राहिला, संध्याकाळपर्यंत.

तीन आठवड्यांनी प्राजक्ता बाळंत झाली. सकाळी अकराला मुलगी झाली, अगदी गुबगुबीत. खोली कोणती? पाच नंबर! सुभद्राबाई तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेत होत्या. दुपारी लेकीला झोप लागली, बाळ झोळीत निजलं, अंकुर औषधं आणायला गेला, तशा त्या दुपटी धुवायला मागच्या नळावर गेल्या. दहा मिनिटांचं काम.

उशीवरून माझं बटण घसरलं आणि खाटेमागं लोंबू लागलं.

प्राजक्ताला जाग आली. अंगाखाली ओलं लागलं, तिनं चादर वर करून पाहिली आणि हात उशीकडे नेला. बटण नाही. "आई," ती म्हणाली, पंख्याच्या आवाजात मलाच जेमतेम ऐकू आलं. हात खाटेच्या कडेवर आला आणि तिथंच पडला. डोळे मिटले.

मी सगळं पाहत होते. अन् मला स्वतःहून वाजता येत नाही. कोणी दाबल्याशिवाय मी म्हणजे नुसतं प्लास्टिक. देवा रे, त्या वेळी मला किती मेल्याहून मेल्यासारखं झालं!

तेवढ्यात बटण आत गेलं. गार अंगठा. दोनदा आखूड, एकदा लांब.

सिस्टरांच्या खोलीत माणिकबाईनं तो आवाज ओळखला. सवयीनं तिचा हात वाटीकडे गेला. भरली, उचलली, दारापर्यंत आली आणि थांबली. मग वाटी हातातून सोडून ती धावली. साठीची बाई, गुडघे दुखणारी, पण कशी धावली! वाटी व्हरांड्यात खणखणत गडगडली, त्या आवाजानं सीमा उठली आणि तिच्या मागोमाग पळाली.

सीमानं रक्त थांबवायला प्राजक्ताच्या पोटावर मूठ रोवली, इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं. डॉक्टरीणबाई जिन्यावरून अनवाणी आल्या. रक्ताच्या दोन पिशव्या लागल्या. सुभद्राबाई ओली दुपटी हातात धरून दारात उभ्या, पाण्याचं तळं झालं पायाशी. अर्ध्या तासानं डॉक्टरीणबाईंनी घाम पुसला आणि म्हणाल्या, "वाचली."

दुसऱ्या दिवशी अंकुर हात जोडून सगळ्यांना सांगत होता, "बरं झालं, हिनं बेल दाबली."

"मी नाई दाबली," प्राजक्ता म्हणाली. "माहा हातच पुरला नाई."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. शुद्ध हरपताना दाबलं असेल, असं सीमा म्हणाली. माणिकबाई बटणाची वायर उशीला बांधू लागली. खाटेमागून बटण तिनंच वर काढलं होतं, तेव्हा ते एकटंच झुलत होतं.

घरी न्यायच्या दिवशी सुभद्राबाई मागं रेंगाळल्या. पाचवीच्या पूजेतलं हळदकुंकू पदराच्या गाठीतून काढलं, उंबऱ्यावर वाहिलं आणि रिकाम्या खोलीकडे पाहून म्हणाल्या, "पाह्यलं बाई तुनं माह्या लेकीले. त्या दिशीच पाह्यलं. म्हून वाचली."

तेव्हापासून तो अंगठा आला नाही. मला वाटलं, सुटली बिचारी. खरं सांगू, मला तिची आठवण येते.

आता नव्या बेली आल्या आहेत, खोक्यात. मी उद्याची पाहुणी. जाता जाता एकच मागणं आहे. बाळ व्हायच्या आधी, नवरा-बायको दोघं मिळून, एकदा जागा पाहून जा. खाट पाहा, पायऱ्या मोजा, आणि मला दाबून पाहा. कोण येतं, किती वेळात येतं ते पाहा. नाही आलं कोणी, तर भिडेपोटी गप्प बसू नका. विचारा, काहून नाही आले? कोणी म्हणेल जागा आपल्याला पाहते. पाहू द्या की.

आत्ताही पाच नंबरात एक पोरगी आहे, मोनाली नावाची, सकाळीच बाळंत झालेली. तिला सासूनं आधी येऊ दिलं नाही. बटण कुठं आहे, हेही तिला कोणी सांगितलेलं नाही. तोंड भिंतीकडे करून निजली आहे. सोबतचं माणूस आत्ताच चहाला गेलं.

थांबा हं.

बटणावर काहीतरी टेकलंय. गार आहे.

दोनदा आखूड, एकदा लांब.

सरका, सरका बाजूला. माणिकबाई धावत येतेय.