पांढराशुभ्र फिल्टर

दगड कापायच्या कारखान्यात त्याला सगळे टापटीप म्हणायचे आणि या नावावर तो खूश होता. माणूसच तसा! टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक, छत्रीला पिशवी, पिशवीला पुन्हा पिशवी. त्यातून वस्तू दुसऱ्याची असली, की मग विचारूच नका. शेजाऱ्याची शिडी आणली तर धुऊन परत करायचा. बायको होती तोवर म्हणायची, "तुम्हाला कुणी विंचू दिला, तर तोही पुसून परत द्याल."

तर एकदा कारखान्यात हवा मोजायला एक मॅडम आल्या. दगड कापताना उडणारी धूळ माणसांच्या छातीत किती जाते, ते त्यांना बघायचं होतं. मालकानं सगळ्यांसमोर शब्द दिला होता. धूळ जास्त निघाली तर कटरवर पाण्याची नळी आणि धूळ ओढून घेणारा मोठा पंखा बसवीन. नाही निघाली तर मला उगाच खर्चात पाडू नका. टापटीपचा सगळा जीव त्या पंख्यात अडकला होता. शेजारच्या टेबलावर पॉलिश करणारा त्याचाच जावई होता. त्याला इथे चिकटवला तोही यानंच, आणि वर्षभर तो पोरगा खोकत होता.

मॅडमनी नेमकं टापटीपलाच निवडलं, कारण कटरवर तोच असायचा. कमरेला छोटासा पंप, त्याची नळी खांद्यावरून कॉलरपर्यंत आणि टोकाला एक चपटी डबी. डबीत पांढराशुभ्र फिल्टर. "काका, सुट्टीपर्यंत अंगावरून काढायचं नाही. आणि सांभाळा हं, महागाचं आहे," एवढं बोलून मॅडम पलीकडच्या शेडमध्ये मशिनींचा आवाज मोजायला गेल्या.

सांभाळा म्हणाल्या! या माणसाला आणखी काय हवं? कटर सुरू झाला, धुरळा उठला आणि टापटीपच्या जिवाची घालमेल सुरू झाली. इतकी पांढरी वस्तू, तीही लोकाची, आणि आपल्या अंगावर तिची पार वाट लागणार. त्यानं खिशातला धुतलेला रुमाल काढला, चौपदरी घडी घातली आणि डबीवर घट्ट बांधून टाकला. सुट्टी व्हायच्या आधी सोडला आणि डबी जशी घेतली तशी परत केली. घरी जाताना स्वारी शीळ घालत होती.

पुढच्या आठवड्यात निकाल आला. मालकानं सगळ्यांना आवारात बोलावलं. "धूळ नगण्य!" तो नुसता फुलला होता. मॅडम मात्र कपाळाला आठ्या घालून उभ्या होत्या. "मला एवढी कमी वाटली नव्हती," त्या म्हणाल्या. मोजता तरी कसं, असं कुणीतरी विचारलं तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं, "माणूस जी हवा आत घेतो तीच पंप ओढतो. धूळ फिल्टरवर बसते, तिचं आम्ही वजन करतो. फिल्टर जितका मळेल, तितकं छातीत गेलं समजायचं."

टापटीपची कानशिलं तापली. अरे कर्मा! तो फिल्टर मळायलाच दिला होता!

"काका, पंप नीट होता ना अंगावर?" मॅडमनी विचारलं. सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. बोल की रे बाबा, हीच वेळ होती! पण जीभ रेटेना. "जरा टापटीपकडून शिका" हे वर्षानुवर्षं ऐकत आलेला माणूस, सगळ्या कामगारांपुढे स्वतःला बावळट कसा म्हणवून घेणार?

"अंगावरून काढलाच नाही," तो म्हणाला. शब्द न् शब्द खरा होता, आणि तरी त्याला स्वतःची किळस आली. मालकानं पंख्याचा विषय तिथल्या तिथे मिटवला.

संध्याकाळी घरी तो, लेक आणि जावई जेवायला बसले तेव्हा लेकीचा पारा चढलेला होता. "हवा स्वच्छ निघाली म्हणे," ती नवऱ्याला म्हणाली. "मग हा खोकला कशाचा? डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तोंड वर करून म्हणालात, सिगारेटला शिवत नाही. चोरून ओढता ना?"

"नाही ओढत गं," जावई ताटाकडे बघत म्हणाला.

"खोटं! बाबा, तुम्ही दिवसभर शेजारी असता. तुम्हीच सांगा, ओढतात की नाही?"

टापटीपचा घास हातातच राहिला. आता मात्र त्याची त्यालाच लाज सहन होईना.

"त्यांना बोलू नकोस," तो म्हणाला. "हवा स्वच्छ नाही. मीच त्या डबीवर दिवसभर रुमाल बांधून ठेवला होता. मळू नये म्हणून. आणि आज सगळ्यांसमोर विचारलं, तर गप्प बसलो."

जावई मान वर न करताच म्हणाला,

"मला माहीत होतं, बाबा. तुम्ही बांधताना मी बघितलं होतं."

"अहो, मग बोलला का नाहीत?"

जावयाला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर तो हळूच म्हणाला, "मला वाटलं, मालकांनीच सांगितलं असेल तुम्हाला."

बावळट ठरू नये म्हणून टापटीपनं तोंड शिवून घेतलं होतं, आणि हा पोरगा त्याला मालकाला विकला गेलेला माणूस समजत होता. तसं समजूनही आठवडाभर रोज सकाळी "चला बाबा" म्हणून त्याच्यासाठी दारात थांबत होता. आत्ताही बायकोची बोलणी निमूट खात होता, ते सासऱ्याची अब्रू झाकायला. धरणीनं पोटात घ्यावं, असं त्याला झालं.

"उद्या सांगतो सगळ्यांना."

"सांगाल?" जावयानं विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच खात्री वाटत नव्हती.

टापटीप हात न धुताच उठला. त्यानं लेकीला मॅडमचा नंबर लावायला सांगितलं आणि फोन कानाला लावला. दोघांना ऐकू जाईल असा तो बोलला.

"मॅडम, मी कटरवरचा. तुमचा फिल्टर मी झाकून ठेवला होता. परत मोजा. आणि या वेळी तो पंप माझ्या अंगावर लावू नका."