एक मिनिट पन्नास सेकंद

जपानमधल्या काशिवाझाकीत ज्याला पोहता येत नाही असा माणूस मिळेल, पण वॉटर पोलोचे नियम ठाऊक नसलेला माणूस मिळणं अवघड आहे. गावाच्या एका बाजूला समुद्र, मध्ये पालिकेचा मोठा तलाव, आणि हिवाळ्यात सगळ्यावर चार-चार हात बर्फ. सावाको काझामा या तलावातच वाढली. तिच्या वडिलांचं स्टेशनमागे केस कापायचं दुकान आहे. दोन खुर्च्या, त्यातली एक बरीच वर्षं रिकामीच. आरशाशेजारी त्यांनी एक लांब कागद चिकटवला होता. मुलगी राष्ट्रीय महिला संघात निवडली गेली त्या दिवसापासून संघाचे सगळे सामने त्यावर लिहिलेले: तारीख, प्रतिस्पर्धी, गोल. जागा संपली की खाली आणखी एक कागद जोडायचे. अकरा वर्षांत तो जमिनीपासून वीतभर अंतरावर आला होता. आशियात दुसरे, आशियात तिसरे. जगात अकरावे, तेरावे, एकदा नववे. हरल्याचे आकडे जिंकल्याच्या आकड्यांइतक्याच नीट अक्षरात.

निशिमाकी आजोबा दर तीन आठवड्यांनी दाढी करायला यायचे. जन्म मासेमारीत गेलेला, त्यामुळे आवाज वाऱ्याला ऐकू जाईल असा.

"काय काझामा, पोरगी खेळली का या वेळी?"

"संघात होती."

"ते नाही विचारलं मी. पाण्यात उतरली का?"

"अजून नाही."

"म्हणजे सरकार तिला फुकट विमानातून फिरवून आणतंय. आमच्या वेळी नव्हत्या असल्या नोकऱ्या."

काझामा गरम टॉवेल आजोबांच्या तोंडावर जरा जास्त वेळ ठेवायचे, एवढंच.

आजोबांचं म्हणणं बोचरं असलं तरी खोटं नव्हतं. संघात तेरा जणी. त्यांत गोलकीपर दोन, दोघींच्या टोप्या लाल, एकीवर एक नंबर, दुसरीवर तेरा. बाकीच्या खेळाडूंना दमल्या की बदलतात, म्हणून राखीव मुलगीही सामन्यात चार वेळा पाण्यात जाऊन येते. गोलकीपरला कोणी बदलत नाही. तिला लागलं तरच दुसरी उतरते. सावाको विसाव्या वर्षी संघात आली तेव्हा एक नंबरची टोपी एका जाड खांद्यांच्या, करारी बाईकडे होती. वीस गोलांनी हरत असतानाही ती बाहेर यायची नाही. ती निवृत्त झाली तेव्हा सावाको सव्वीस वर्षांची होती आणि तिला वाटलं, आता आपण. त्याच वसंतात मिओरी नागुमो आली. अठरा वर्षांची, हात इतके लांब की बाही कुठलीच पुरायची नाही.

प्रशिक्षक ओगाता सरांनी सावाकोला तलावाच्या जिन्यात गाठलं. सरळ माणूस होता तो.

"सावाको, तू दुसरी गोलकीपर म्हणून राहशील का? नाही म्हणालीस तर मला राग येणार नाही."

"राहीन, सर."

"विचार करून सांग."

"केला."

देशाच्या वॉटर पोलो संघटनेची एक अधिकृत नोंद असते. राष्ट्रीय संघाकडून कोण किती आंतरराष्ट्रीय सामने खेळलं, त्याची यादी. जी पाण्यात उतरली, तिचंच नाव त्यात येतं. सावाकोचं नाव नव्हतं. एकदा गावच्या वर्तमानपत्रातून एका मुलीचा फोन आला. गावातल्या खेळाडूंवर ती काहीतरी लिहीत होती.

"तुमचे आंतरराष्ट्रीय सामने किती झाले?"

"शून्य."

"म्हणजे या वर्षी?"

"एकूण."

पलीकडे टाईप करण्याचा आवाज थांबला. मुलगी म्हणाली, परत फोन करते. तो आला नाही, आणि सावाकोनेही वाट पाहिली नाही.

ती तांदळाच्या कुरकुरीत बिस्किटांच्या एका कारखान्यात मालाच्या पाठवणीचं काम बघायची. सकाळी साडेपाचला तलाव, नऊला कारखाना, संध्याकाळी पुन्हा तलाव. शिबिरासाठी दरवेळी रजा मागावी लागे. लग्नाचं एकदा जमत आलं होतं. तो मुलगा म्हणाला, "तू खेळतेस तेव्हा मी बघायला येईन." तिने त्याला सगळं नीट समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि हळूहळू भेटणं कमी केलं.

मात्र सावाको नुसती बसून नसायची. ती बघायची. कुठल्या देशाची कोण खेळाडू चेंडू मारण्याआधी काय करते, कोणाचा खांदा खाली जातो, कोण आधी डोळ्यांनी एका कोपऱ्यात बघून दुसऱ्यात मारते. सगळं ती वह्यांत लिहून ठेवायची. सामन्याच्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर ती आणि मिओरी हॉटेलच्या खोलीत जमिनीवर समोरासमोर बसत.

"ताई, तू माझ्या आईपेक्षा जास्त बोलतेस," मिओरी म्हणायची.

"तुझ्या आईने त्या चार नंबरवालीचं मनगट बघितलंय का?"

"नाही."

"मग ऐक."

मिओरीने अडवलेल्या चेंडूंचे आकडे दरवर्षी वाढत गेले. परदेशी प्रशिक्षक तिला ओळखू लागले. सामन्याआधी सावाको तिच्यावर शंभरेक चेंडू मारून तिला तयार करायची, मग पाण्यातून निघायची, अंग पुसायची, जाड कपडे चढवायची आणि बाकाच्या शेवटच्या टोकाला बसायची. बाकावरच्या इतर जणी सारख्या उठत, उतरत, दमून परत येत, एकमेकींच्या अंगाला खेटून पाणी पीत. त्यांच्या अंगावरचं पाणी उडून सावाकोच्या कपड्यांवर पडायचं. सामना संपला की सगळ्या ओल्या आणि ती एकटी कोरडी. विजयाच्या फोटोत हे फार दिसतं. तिच्या वडिलांनी एकही फोटो भिंतीवर लावला नाही, ते बहुधा यामुळेच.

ती एकतीस वर्षांची असताना संघ एका स्पर्धेसाठी ग्रीसमध्ये गेला. शेवटच्या दिवशी सातव्या जागेसाठी सामना होता, यजमानांशीच. असल्या सामन्याला कोण येणार? दुपारचं रणरणतं ऊन, दगडी पायऱ्यांवर तीस-चाळीस माणसं, त्यातली निम्मी छत्र्यांखाली पेंगत होती. पण सामना चांगला झाला. मिओरी जिवावर उदार होऊन खेळली. नऊ-नऊ बरोबरी, आणि घड्याळात एक मिनिट पन्नास सेकंद उरलेले असताना एक चेंडू तिच्या उजव्या हाताच्या बोटांवर असा आदळला की तो आवाज बाकापर्यंत आला. तिने चेंडू अडवला होता. पण तिने हात पाण्याबाहेर काढला तेव्हा करंगळी भलत्याच दिशेला होती.

ओगाता सर बाकाकडे वळले. "सावाको."

तिने कपडे उतरवले. झिप अडकली, शेजारच्या मुलीने ती ओढून दिली. टोपीची नाडी हनुवटीखाली बांधताना तिला एकच गोष्ट जाणवली, ती म्हणजे आपले खांदे थंड आहेत. एवढ्या उन्हातही. पहिली तीन-चार वर्षं ती प्रत्येक विश्रांतीत उठून हात फिरवायची, खांदे गरम ठेवायची. मग कधीतरी ते सुटलं. कधी सुटलं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

तलावाच्या काठाशी मिओरी तिला ओलांडून वर आली. चेहरा पांढरा पडला होता. "सात नंबर," ती एवढंच म्हणाली.

"माहीत आहे."

सात नंबरची डावखुरी होती. सावाकोच्या वहीत तिच्यावर पाच पानं होती. ती आधी दोनदा चेंडू मारल्याचं सोंग करते, मग डावा खांदा किंचित मागे नेते, आणि तसा नेला की चेंडू हमखास जवळच्या वरच्या कोपऱ्यात जातो.

ग्रीकांनी चेंडू फिरवला. खाली खोल पाणी, पाय सारखे चालू. आपल्याच श्वासाचा आवाज सावाकोच्या कानात भरला होता. सामन्याच्या वेळी गोलमधून तलाव केवढा मोठा दिसतो, हे ती विसरून गेली होती. चेंडू सात नंबरकडे आला. एक सोंग. दुसरं सोंग. खांदा मागे गेला.

सावाको उसळली. बरोबर त्याच कोपऱ्यात. हात बरोबर त्याच जागी गेला. चेंडू तिच्या बोटांना लागला, तिला त्याचा खडबडीत ओला पृष्ठभाग जाणवला, आणि तो बोटं मागे ढकलून जाळीत गेला.

दहा-नऊ. पुढे जपानने एकदा आक्रमण केलं, चेंडू खांबाला लागला. वेळ संपली. सावाकोकडे पुन्हा एकही चेंडू आला नाही.

तिला कोणी दोष दिला नाही. उलट सगळ्या जणी येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवून गेल्या. "काही हरकत नाही, ताई." "कोणालाही अडवता आला नसता." कर्णधार म्हणाली, "आम्ही खांबाला मारला, ती आमची चूक." सगळ्यांची इतकी माया एका वेळी तिने अकरा वर्षांत अनुभवली नव्हती. जेवणाच्या टेबलाशी ती पोहोचली तेव्हा बोलणं थांबलं आणि मग कोणीतरी घाईघाईने ऑलिव्हबद्दल काहीतरी विचारलं. ती भात आणि मासा जेवली, दवाखान्यातून परतलेल्या मिओरीची बॅग भरून दिली, आणि आपल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. रडू आलं असतं तर बरं झालं असतं.

महिन्याभराने संघटनेच्या यादीत तिचं नाव आलं. सामने एक. गोलवर आलेले चेंडू एक. अडवलेले शून्य. तिने कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीत ते मोबाईलवर पाहिलं आणि डबा संपवला.

शनिवारी ती वडिलांच्या दुकानात टॉवेल घड्या करायला बसली होती. निशिमाकी आजोबा खुर्चीत होते. त्यांनी आरशातून तिच्याकडे पाहिलं.

"काय गं, एकच चेंडू आला म्हणे."

काझामांचा वस्तरा हवेत थांबला.

"एकच आला, आजोबा."

"आणि तोही सोडलास."

"सोडला."

"अकरा वर्षं बसून पण एक चेंडू धरवला नाही तुला. माझं मांजर बरं, झोपेत का होईना, पंजा तरी मारतं."

सावाकोला हसू फुटलं. आधी थोडं, मग आवरेना. पोट धरून ती टॉवेलांच्या ढिगाऱ्यावर वाकली. आजोबाही खों खों करत हसले, साबण त्यांच्या नाकात गेला. ग्रीसहून आल्यापासून तिच्याशी कोणी खरं बोललं नव्हतं. काझामा मात्र हसले नाहीत. "मान सरळ," ते आजोबांना म्हणाले, "कापेल."

पुढच्या वर्षीच्या संघात तिची निवड झाली नाही. सामन्यांची चित्रफीत बघून टिपणं काढणारा एक पगारी माणूस संघटनेने नेमला, तेव्हा मिओरीचे दर सामन्याआधी येणारे फोनही कमी होत थांबले. त्यात कोणाचं काही चुकलं नाही. सकाळी साडेपाचला जाग यायची तेवढी येतच राहिली. ती उठून चहा करायची आणि खिडकीपाशी बसायची. बाहेर बर्फ हटवणारी गाडी पिवळा दिवा फिरवत जायची.

फेब्रुवारीत एका रविवारी दुपारी दुकानाचं दार उघडलं आणि मिओरी आत आली. डोक्यावर, खांद्यावर बर्फ. न कळवता आली होती.

"केस कापायचे आहेत," ती म्हणाली. "बारीक."

काझामांनी सावाकोकडे पाहिलं, मग खुर्चीवरचं कापड झटकलं. मिओरी बसली. तिची करंगळी अजून वाकडीच होती. सावाको शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसली. काझामांनी कात्री चालवायला घेतली.

"ताई, मी तो गोल पुन्हा पाहिला. खूप वेळा."

"कशाला?"

"बघायचं होतं, मी असते तर काय केलं असतं." मिओरी आरशात पाहत होती. "मी दुसऱ्या बाजूला गेले असते. तिने पहिलं सोंग केलं तेव्हाच. तू इतकं सांगूनही. मी फसले असते."

"तरी गोलच झाला असता."

"हो. गोलच."

"माझे खांदे थंड होते," सावाको म्हणाली. हे तिने आजवर कोणालाही सांगितलं नव्हतं. "मी हात फिरवणं सोडलं होतं. कितीतरी वर्षांपूर्वी. मनातून मला वाटत होतं, काही उपयोग नाही. बाकीचं सगळं केलं, तेवढं केलं नाही."

मिओरीने "काही हरकत नाही" म्हटलं नाही. सावाकोला त्याचं बरं वाटलं.

"नवीन मुलगी आली आहे तेरा नंबरला," मिओरी थोड्या वेळाने म्हणाली. "सतरा वर्षांची. बाकावर बसून नखं खाते. तिला काय सांगू?"

"तिच्या शेजारी बसत जा," सावाको म्हणाली. "विश्रांतीत. दोन मिनिटं का होईना. मध्ये टॉवेल ठेवू नकोस, ओली तशीच बस."

केस कापून झाले. काझामांनी गरम मिसोचं सूप आणि भात आणला, तिघांनी तिथेच, दुकानात, गुडघ्यांवर वाट्या ठेवून खाल्लं. चार चाळीसच्या गाडीला सावाको तिला पोहोचवायला गेली. गाडी बर्फामुळे वीस मिनिटं उशिरा आली. फलाटावर मिओरी उघड्या पडलेल्या मानेवरून सारखा हात फिरवत होती.

"पुन्हा ये," सावाको म्हणाली.

"येईन," मिओरी म्हणाली. दोघींनाही माहीत होतं की उन्हाळ्यापर्यंत ते जमणार नाही, आणि कदाचित नंतरही नाही.

गाडी गेल्यावर सावाको लगेच घरी आली नाही. ती तलावाच्या रस्त्याने चालत गेली. रविवारी सातपर्यंत तो सगळ्यांना खुला असतो. आत तीन म्हाताऱ्या बायका एका कडेने पाण्यात सावकाश चालत होत्या, गुडघ्यांच्या व्यायामासाठी. बाकी तलाव रिकामा. तिने पोहण्याचा पोशाख भाड्याने घेतला, तो जरा घट्ट होता. खोल बाजूला जाऊन ती पाय चालवत उभी राहिली, हात पाण्याबाहेर, जितका वेळ जमेल तितका. म्हाताऱ्यांपैकी एकीने थांबून पाहिलं आणि विचारलं, "कसली तयारी गं?"

"कसलीच नाही," सावाको म्हणाली.

"मग चालू दे," बाई म्हणाल्या, आणि पुन्हा चालू लागल्या.