हळदीचा कॅमेरा

"हा उडव. पुढचा उघड," ताजुभाई म्हणाले.

पुढचा उघडला. त्यातही नवरीच्या डाव्या गालावरून वरपासून खालपर्यंत तीच जांभळी रेष. त्याच्या पुढच्यातही. नवरी उभी असो, बसलेली असो, शेजारी सासू येवो नाहीतर स्टेजचा खांब येवो, रेष आपली जागच्या जागी. मी माउस सोडला आणि सांगितलं की ही धूळ नाही, कॅमेऱ्याच्या आतलं काहीतरी गेलंय. त्यांना ते पटवून घ्यायचं नव्हतं. नवा कॅमेरा होता, मोठ्या सेन्सरचा, आरसा नसलेला. बाळाला दुपट्यात गुंडाळावं तसे ते त्याला मऊ फडक्यात गुंडाळून ठेवायचे. त्यांनी लेन्स काढली, फुग्याने हवा मारली, पुन्हा फोटो काढला. रेष होतीच.

मी नमिता. घणसोली गावातली, आगरी. कोपरखैरण्याच्या 'ताज फोटो'त लग्नाचे अल्बम करते. तोंडाची फटकळ आहे आणि त्याबद्दल मला कधी वाईट वाटलेलं नाही. ताजुद्दीनभाई दुकानाचे मालक, मूळचे म्हसळ्याकडचे. डार्करूममध्ये फोटो धुणारा पोऱ्या म्हणून मुंबईत आलेला माणूस. पुढे रोल गेले, डिजिटल आलं, बरोबरीचे कितीतरी जण दुकानं बंद करून रिक्षा चालवायला लागले. हे टिकले, कारण यांना कॅमेऱ्याच्या पोटात काय चालतं याची आवडच भारी.

गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, माझ्या फोनला तुमच्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त मेगापिक्सेल आहेत. झालं, ताजुभाई सुरू. एका भाकरीचे जास्त तुकडे केले म्हणून भाकरी मोठी होते का? फोनचा सेन्सर नखाएवढा, त्याचे कितीही तुकडे करा. मोठा सेन्सर म्हणजे पागोळीखाली ठेवलेलं घमेलं, लहान सेन्सर म्हणजे वाटी. अंधारात उजेडाचे थेंब कमी पडतात तेव्हा घमेलंच लागतं. पासपोर्ट फोटोला आलेला माणूस घड्याळाकडे बघत उभा असायचा, पण यांचं संपायचं नाही. मी आतून ओरडायचे की ताजुभाई, त्याला जाऊ द्या, त्याची बस चुकेल. मग हसायचे आणि सोडायचे.

तर नवा कॅमेरा कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात गेला. तिथल्या माणसाने एकच प्रश्न विचारला, हळदीला नेला होता का? नेला होता. आधीच्या आठवड्यात पावणे गावातल्या एका हळदीत. आमच्या लोकांची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. मांडवाबाहेर डीजेची भिंत आणि तिच्यावर लेझर. त्यातला एक किरण सरळ लेन्समधून आत शिरला आणि सेन्सर जळला. दुरुस्त होत नाही, म्हणाला, नवा बसवावा लागेल.

ताजुभाई दोन दिवस नीट बोलले नाहीत. मग मला म्हणाले, रोल होता तेव्हा बरं होतं. प्रत्येक फोटोला नवी फिल्म, एक जळली तर एकच फोटो जायचा. सेन्सर म्हणजे जन्माला एकच फिल्म. तिला डाग पडला की पुढच्या सगळ्या फोटोंना डाग.

आणि त्याच बोलण्यातून त्यांनी दुकानाचा कायदा काढला. हळदीला जुना कॅमेरा न्यायचा. जुन्यात सेन्सरच्या पुढे आरसा असतो. बटण दाबलं की तेवढ्यापुरता आरसा उचलला जातो आणि लगेच खाली येतो. म्हणजे सेन्सर सारा वेळ झाकलेला. नव्यात आरसाच नाही, सेन्सर कायम उघडा. लेझर यायचं ते येऊ दे, आरशाआड सेन्सर सुरक्षित. मला ते ऐकून पटलं होतं. कुणालाही पटलं असतं.

पटलं नाही ते जुनैदला. जुनैद त्यांचा मुलगा. कॉलेज संपवून दुकानात आलेला, अंगाने किडकिडीत, आणि फोटोचा हात बापापेक्षा चांगला. बाप हे त्याच्यासमोर कबूल करायचा नाही, माझ्यापाशी करायचा. घणसोलीला माझ्या चुलतभावाची, शिवतेजची हळद होती, तिची तयारी चाललेली, तेव्हा दोघांची जुंपली.

"अब्बा, जुन्याचा सेन्सर लहान आहे. संध्याकाळी फोटोत दाणे येतात, रव्यासारखे. आपण भाड्याने नवा घेऊ ना."

"आणि भाड्याचा जळला तर? दाणे नमिता काढेल. जळलेला सेन्सर ती नाय काढू शकत."

"मग स्क्रीनवर बघून काढतो."

"स्क्रीन लावायची नाय. स्क्रीन लावली की आरसा वर जातो, सेन्सर उघडा पडतो. एवढं शिकवलं ना तुला?"

"म्हणजे दोन-तीन तास व्ह्यूफाइंडरच्या भोकाला डोळा चिकटवून बसू?"

"बस. आमी जन्मभर डोळाच लावला. काय झालं आमाला?"

जुनैदने माझ्याकडे बघून खांदे उडवले आणि जुन्या कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावली. तो बापाचं ऐकणारा मुलगा होता. उलटं बोलायचा, पण करायचा सांगितलेलंच.

हळदीला मी होतेच, घरचंच कार्य. सात वाजले असतील. शिवतेजच्या अंगाला हळद लागत होती, बाया धवला, आमची लग्नाची गाणी, गात होत्या आणि त्यांचा आवाज डीजेखाली कुठल्या कुठे गेला होता. जुनैद छोट्या शिडीवर चढून जुना कॅमेरा डोळ्याला लावून उभा होता, लांबची लेन्स लावलेली. शिवतेजला मित्रांनी खांद्यावर घेतलं तसा त्याने कॅमेरा तिकडे वळवला, आणि त्याच वेळी मागून हिरव्या लेझरचा पंखा फिरत आला. मी बघत होते म्हणून सांगते. जुनैदने झटका बसल्यासारखं डोकं मागे घेतलं. उजवा डोळा चोळला. थोडा वेळ शिडीवर तसाच बसला. मी खालून हाताने विचारलं काय झालं, त्याने हातानेच सांगितलं काही नाही. आणि परत कॅमेरा डोळ्याला लावला, या खेपेला डाव्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताजुभाई माझ्याआधी दुकानात हजर. कार्ड लावून फोटो उघडून बसलेले. एकेक फोटो मोठा करून कोपऱ्या कोपऱ्यात बघत होते. पांढऱ्या भिंतीवर, काळ्या शर्टावर, शिवतेजच्या पिवळ्या कपाळावर. कुठे रेष नाही, कुठे ठिपका नाही. लेझर फोटोत दिसत होता, त्याचा हिरवा पट्टा थेट कॅमेऱ्याकडे आलेला दिसत होता, आणि त्याच्या पुढचा फोटो धुतल्यासारखा स्वच्छ. ताजुभाई इतके खूश की त्यांनी समोरच्या टपरीवर चहा सांगितला.

"बघ, बघ," जुनैद आल्या आल्या त्याला म्हणाले, "एक पिक्सेल गेला नाय. कोन म्हनत होता नवा घेऊ?"

जुनैद खुर्चीवर बसला. पडद्याकडे बघितलं, मान थोडी तिरकी केली, पुन्हा सरळ केली. मग डावा डोळा हाताने झाकला.

"नमिताताई, फोटोच्या मधे काळं काय आहे?"

"कुठे काय आहे? काही नाही."

"शिवतेजचं तोंड आहे तिथे. मला तिथे काळं दिसतंय."

त्याने नजर कोपऱ्याकडे नेली. काळं तिकडे गेलं, म्हणाला. खिडकीकडे बघितलं, खिडकीत आलं. माझ्याकडे बघितलं आणि झाकलेला डोळा उघडला. ताजुभाई म्हणाले, लाइट लागली की होतं तसं, फ्लॅशनंतर नाही का दिसत, जाईल दुपारपर्यंत. दुपारपर्यंत गेलं नाही. संध्याकाळी मी आवाज चढवला आणि आम्ही तिघं वाशीला डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टरबाई तरुण होत्या, बोलायला साध्या. त्यांनी जुनैदचा डोळा मशीनवर घेतला आणि आतलं चित्र आम्हाला पडद्यावर दाखवलं. पडदा बघायची सवय असलेली आम्ही दोघं, ताजुभाई आणि मी, पुढे वाकून बघायला लागलो. एकावर एक थर होते आणि बरोबर मध्ये, जिथे ते सगळ्यांत नीट असायला हवेत, तिथे ते फाटलेले. समोरच्याचं तोंड दिसतं, अक्षर वाचता येतं, ते याच जागेवर, बाई म्हणाल्या. कडेचं शाबूत आहे. सूज उतरली तर थोडं परत येईल, मधलं येईल असं मी सांगत नाही.

मग त्यांनी विचारलं, लेझर डोळ्यात गेला कसा? तुम्ही तिकडे बघत होतात का? जुनैद म्हणाला, कॅमेऱ्यातून बघत होतो. बाईंना कळेना. कॅमेरा मध्ये होता तर डोळ्यापर्यंत पोचला कसा, म्हणाल्या.

आणि ताजुभाई सांगायला लागले. सवयच ती, कुणी कॅमेऱ्याचं विचारलं की त्यांना राहवायचं नाही.

"हा जुना टाइपचा कॅमेरा आहे, मॅडम. यात आरसा असतो. लाइट लेन्समधून आत येते ना, ती सेन्सरवर जात नाय. आरशावर पडते. आरसा तिला वर फेकतो, वरून ती फिरते आणि सरळ..."

तिथे ते थांबले. हात हवेतच राहिला, आरशासारखा तिरका धरलेला. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला समजलं की त्यांना आत्ता, या खोलीत समजलं. हजार वेळा सांगितलं होतं त्यांनी हे. आरसा उजेड कुठे पाठवतो ते मलासुद्धा तोंडपाठ होतं. सेन्सर वाचवायच्या नादात डोळा कुणी मोजलाच नव्हता.

जुनैदने बापाचा हात खाली घेतला. "डोळ्यात जाते, मॅडम," त्याने वाक्य पुरं केलं, "व्ह्यूफाइंडरला डोळा लावलेला असतो ना, म्हणून."

ताजुभाईंनी विचारलं, "हे बदलता येतं का? आतलं, हे जे जळलंय ते?"

बाई नाही म्हणाल्या. परत विचारलं, मुंबईत, बाहेरगावी, कुठेच? बाई परत नाही म्हणाल्या.

मी घणसोलीला काकाच्या घरी जाऊन भांडले. शिवराम काका बिचारा खाली मान घालून ऐकत होता, पण शिवतेज म्हणाला, "नमिताताय, वाईट झालं. पन लेझर नाय तं हलद कसली? सगल्यांकरं हाय." मी त्याला जे बोलायचं ते बोलले, ते इथे लिहीत नाही. पुढच्याच आठवड्यात त्याच्या सासुरवाडीकडच्या एका हळदीत तीच भिंत, तेच लेझर. त्याची रील मला मोबाइलवर आली.

आबिदाभाभी, जुनैदची आई, घरी नवऱ्याला एक शब्द बोलली नाही. जेवण वाढायची, कपडे धुवायची, बोलायची नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, ताजुभाई मला म्हणाले. दोन्ही कॅमेरे कपाटात गेले. जुनैद पायरी उतरताना भिंत धरायचा, कपात चहा ओतताना बशीत ओतायचा. लोक म्हणायचे, दुसरा डोळा आहे ना, मग काय टेन्शन? लोकांना बोलायला काय जातं?

दुकानात ताजुभाईंनी एक नवंच सुरू केलं. दुपारच्या नमाजवरून आले की जुनैदला पासपोर्टच्या स्टुलावर बसवायचे, स्वतः समोर पांढऱ्या पडद्यापुढे उभे राहायचे, फोटोवाले सगळे दिवे लावायचे. डावा डोळा झाक म्हणायचे आणि विचारायचे, काय दिसतं? जुनैद सांगायचा, टोपी दिसते, कान दिसतात, खांदे दिसतात. तोंड? तोंड नाही, अब्बा. उद्या परत तेच. कितीतरी दिवस तेच. शेवटी मी बोलले की बस करा, पोराचा जीव घ्याल. म्हणाले, सूज हळूहळू उतरते, डॉक्टर बोलले आहेत.

मग डॉक्टरबाईंनी शेवटचं तपासलं. सूज उतरलेली होती. जे यायचं ते आलं, आता यापुढे काही येणार नाही, म्हणाल्या.

दवाखान्यातून दोघं सरळ दुकानातच आले. मी कॉम्प्युटरपाशी होते. ताजुभाईंनी दिवे लावले. मला वाटलं, आज तरी हा माणूस असं करणार नाही, पण त्यांनी स्टूल पुढे ओढलं, जुनैद मुकाट्याने बसला आणि त्याने डावा डोळा झाकला. ताजुभाई समोर उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, गालांवरून दाढीत उतरत होतं. आवाज मात्र अजिबात नव्हता. मला इतक्या उजेडात ते बघवेना.

"काय दिसतं?"

जुनैदने वेळ घेतला. मान जराही तिरकी केली नाही.

"तोंड दिसतंय, अब्बा. आज बरं दिसतंय." मग म्हणाला, "हसताय तुमी."

"हां, बेटा," ताजुभाई म्हणाले, "हसतोय."

त्यांनी गाल पुसले नाहीत. पुसले असते तर कडेने हात हललेला त्याला दिसला असता.