हाकेतला दुसरा शब्द

हाक यायला हवी होती, ती आली नाही.

शाळेची मुले सावधान उभी होती. खांबाच्या टोकाशी झेंड्याची गुंडाळी, तिची दोरी सिद्धलिंगच्या डाव्या हातात, उजव्या हातात सोललेला नारळ. सगळे चन्नवीरच्या तोंडाकडे पाहत होते आणि चन्नवीर दगडाकडे. बाजरीवर उतरणाऱ्या चिमण्यांचा गलकाही त्या शांततेत अपराधासारखा वाटत होता.

अक्कलकोटच्या दक्षिणेला, जुन्या निजामी सीमेवरच्या या गावात सतरा सप्टेंबरला सरकारी सुट्टी नसते. मुक्तिदिन पलीकडच्यांचा. इथे तो एकाच घराचा आहे. अठ्ठेचाळीस साली, निजामाचे राज्य मोडण्याच्या चार दिवस आधी, या घरातला धाकटा भाऊ कल्लप्पा बाजरीत कुऱ्हाडीने तोडला गेला. रझाकारांनी तोडला, असे थोरल्या गुरुबसप्पाने गावाला सांगितले. कल्लप्पाची शेवटची हाक ओढ्यापलीकडच्या माणसांनीही ऐकली होती: 'अण्णा'. आपण 'बंदे', म्हणजे आलो, असे ओरडत धावलो, पण उशीर झाला, हे गुरुबसप्पाचे सांगणे. पुढच्या वर्षापासून घरचे पुण्यस्मरण आणि देशाचा झेंडा एकाच दिवसावर आले. धाकट्या पातीचा पुरुष 'अण्णा' म्हणून हाक मारतो. थोरल्या पातीचा पुरुष 'बंदे' म्हणतो, दोरी ओढतो, नारळ फोडतो. सत्त्याहत्तर वर्षे हे असेच चालले.

यंदा थोरल्याच्या नातवाने, सिद्धलिंगने, खांबाशी काळा दगड बसवला. त्यावर दोन नावे कोरली: हुतात्मा कल्लप्पा, आणि त्याखाली, हाकेला धावून गेलेले गुरुबसप्पा.

कल्लप्पाची मुलगी रत्नम्मा आज ब्याऐंशी वर्षांची आहे. तिला वाचता येत नाही. सकाळी तिने धाकट्या पातीच्या भाच्याला, चन्नवीरला, दगडावर काय लिहिले आहे ते विचारले. त्याने पटका बांधता बांधता सांगितले. ती बोलली, शिळा घास थुंकावा तशी. त्या दिवशी पाच वर्षांची ती बापाची भाकरी घेऊन रानात गेली होती. बांधाचा दगड आदल्या रात्रीतून सरकला होता आणि दोघे भाऊ त्यावरून भांडत होते. तिसरे कुणीच तिथे नव्हते. पुढे त्याच चुलत्याने तिला वाढवले, लग्न करून दिले. त्याच्या घासाने तिचे तोंड बंद झाले.

"तुमी सगळे निम्मीच हाक मारता की," ती म्हणाली. "माझ्या बापानं दोन शब्द काढले. अण्णा, ब्याड. नको म्हणाला त्यो. वढ्यापल्याड पयला शब्द गेला. दुसऱ्यावर कुऱ्हाड पडली."

आता खांबाखाली सिद्धलिंग दबक्या आवाजात चन्नवीरला म्हणाला, "झोप लागली का रं उभ्या उभ्या? पोरं उन्हात हायती."

चन्नवीरने मान वर केली आणि हाक मारली. पुरी मारली.

"अण्णा, ब्याड."

कानडी कळणारे हसले नाहीत. न कळणाऱ्यांनाही सिद्धलिंगचा चेहरा वाचता आला. नारळ धरलेला हात आला तो सरळ चन्नवीरच्या तोंडावर. नारळ फुटला नाही, दात फुटले. दुसऱ्या घावाला भुवई उसवली आणि पांढऱ्या सदऱ्यावर रक्ताचा ओघळ असा उतरला, जणू ती वाट त्याच्या आधीपासून ओळखीची होती. सिद्धलिंगने त्याला केसांना धरून दगडावर आपटले. कोरलेल्या अक्षरांत रक्त भरत गेले आणि वरचे नाव आधी लाल झाले.

मुले पळाली. गुरुजी मध्ये पडले तर त्यांच्या छातीत कोपर बसले.

चन्नवीरच्या हाताला दोरी लागली. त्याने तिचा फास सिद्धलिंगच्या गळ्यात टाकला, पाठीवर गुडघा रोवला आणि ओढले. वर गाठ सुटली. झेंडा कुणीही सलामी न देता उघडला आणि गुंडाळीतल्या झेंडूच्या पाकळ्या दोघांच्या अंगावर पडल्या. सिद्धलिंगची टाच माती उकरत होती. डोळे बाहेर आले होते. चन्नवीर ओढत होता, आणि त्या ओढण्यात त्याला स्वतःचे हात अनोळखी पण जुने वाटत होते, कुणीतरी आधी वापरून ठेवलेले.

"चन्ना," खालून घरघर आली. "ब्याड."

हात थांबले. सिद्धलिंगच्या आज्याच्या कानावर हाच शब्द पडला होता, आणि तो थांबला नव्हता, हे सिद्धलिंगलाही त्याच क्षणी उमगले असावे. दोरी सैल झाली. सिद्धलिंग खोकत, ओकत बाजूला कोसळला.

रत्नम्मा काठी टेकत जवळ येऊन उभी राहिली. कुणालाच हात लावला नाही.

चन्नवीरने तोंडातला दात तळहातावर थुंकला. "त्या दगडावरचं खालचं नाव खोटं हाय. तुला ठावं होतं?" त्याने विचारले. "तुज्या आज्ज्यानं मरताना तरी सांगितलं असंल की."

सिद्धलिंग उठला. गळ्याभोवती दोरीचा वळ काळानिळा चढत होता. त्याने दगडाकडे पाहिले, मग म्हातारीकडे. तिची नजर ढळली नाही. चन्नवीरने फुटक्या ओठांनी, दर वर्षी मारतात तशी, एकाच शब्दाची हाक मारली.

"अण्णा."

उरलेले चार लोक सवयीने सिद्धलिंगकडे वळले. त्याचे ओठ हलले. मग मातीत पडलेला आपला पटका तिथेच सोडून तो बांधाच्या दिशेने चालू लागला.